दिसत नाही, पण आहे

ज्ञानदेव: पण त्यात चूक काय, ते तरी सांगशील? ‘विश्वातील अदृश्य पदार्थाचा शोध लावणारी भाईंदर-इंद्रलोकची सुकन्या, संघप्रिया ज्ञानदेव खिल्लारे.’ शुद्धलेखन मी स्वतः तपासून घेतलंय.

संघप्रिया: शुद्धलेखन बरोबर आहे, पप्पा. बाकी सगळं चूक आहे.

ज्ञानदेव: फोटो आवडला नाही का? दुसरा नव्हता घरात. पुण्याला गेल्यापासून तू फोटो कुठे काढतेस?

संघप्रिया: फोटोचं सोडा. मी स्टेशनवरून रिक्षानं आले, गोल्डन नेस्टच्या सर्कलला वळलो, तर समोर मीच. एवढी मोठी. रिक्षावाला मागे वळून म्हणतो, मॅडम, ये आप ही हो ना?

ज्ञानदेव: मग? चांगलंय की! उद्या विहारात तुझं भाषण आहे, लोकांना कळायला नको?

संघप्रिया: भाषण आहे एवढंच लिहायचं होतं. मी शोध लावलेला नाही.

ज्ञानदेव: लावशील. आज ना उद्या.

संघप्रिया: माझ्या गाइडनी हा बॅनर पाहिला ना, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. धम्मदीपनं तर तो ऑर्कुटवर पण टाकलाय.

ज्ञानदेव: तुझ्या भावाला मीच सांगितलं टाकायला. अगं, किती खटाटोप केला माहितीये? बॅनरवाल्यानं पहिल्यांदा ‘कृष्णपदार्थ’ लिहून आणलं. कमिटीचा उत्तम म्हणाला, भाऊ, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहाराच्या बॅनरवर कृष्ण कशाला?

संघप्रिया: कृष्ण म्हणजे काळा, पप्पा. काळा पदार्थ.

ज्ञानदेव: मला कळलं गं. कमिटीला कोण समजावणार? म्हणून ‘अदृश्य’ केलं. रात्रीत नवीन छापून घेतला.

संघप्रिया: तो उतरवा. प्लीज. नाहीतर उद्या मी बोलायला उभी राहणार नाही.

ज्ञानदेव: असं बोलू नको. सगळ्या बिल्डिंगींत पत्रिका गेल्यात. तुझी आई सकाळपासून विहारात उद्याच्या जेवणाचं बघतेय. आणि कारखान्यात काय सांगू मी? शेठनं परवा डब्यांच्या पॉलिशची बफिंग मशीन बंद करून मला विचारलं, ज्ञानदेवभाई, बेबी ने क्या ढूंढ निकाला? आता काय सांगू, कुछ नहीं ढूंढा?

संघप्रिया: सांगायचं ना, पूछके बताता हूँ. तुम्ही मला कधी विचारलंच नाही.

ज्ञानदेव: विचारायला भीती वाटते. तू सांगणार, मला कळणार नाही, मग तुला वाटेल बापाला काही कळत नाही.

संघप्रिया: असं कधी वाटलंय का मला?

ज्ञानदेव: नसेल वाटलं. बरं, आता विचारतो. इतकी वर्षं तिकडे राहून तू नेमकं केलंस काय?

संघप्रिया: बाहेरच्या देशातल्या काही शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की आकाशात एका ठिकाणी या अदृश्य पदार्थाचा मोठा ढीग आहे. आसपास तारे नाहीत, काही नाही, नुसता ढीग. मोठी बातमी होती ती. माझ्या गाइडनी सांगितलं, हे तपास.

ज्ञानदेव: जो दिसतच नाही तो तपासायचा कसा?

संघप्रिया: त्याच्या मागून येणारा उजेड वाकतो. लांबच्या दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या थव्यांचे, आकार किंचित ताणल्यासारखे दिसतात. तो ताण मोजायचा. हजारो आकार मोजायचे. मी ते सगळे परत मोजले. तेव्हा कळलं की ताण आकाशात नव्हताच, दुर्बिणीत होता. तिचा आरसा थोडा वाकत होता.

ज्ञानदेव: थांब, थांब. डबा नीट बसवला नाही आणि पॉलिश करताना कड दाबली गेली, की त्यात आपलं तोंड वाकडं दिसतं. वाकडं तोंड नसतं, डबा असतो. तसं?

संघप्रिया: अगदी तसंच.

ज्ञानदेव: म्हणजे ढीग नव्हता.

संघप्रिया: नव्हता. मी तसं लिहिलं. ते छापून आलं. आणि ज्यांनी ढीग आहे म्हटलं होतं, त्यांनी स्वतः कळवलं की तुझं बरोबर आहे.

ज्ञानदेव: त्यांनी? गोऱ्या लोकांनी?

संघप्रिया: हो.

ज्ञानदेव: बाप रे. पण संगू, याचा बॅनर कसा करायचा? सापडलं म्हणून लोक बॅनर लावतात. सापडलं नाही म्हणून कोण लावतं?

संघप्रिया: तेच सांगतेय ना मी. लावूच नका.

विमलाबाई: जय भीम रे ज्ञाना. दार सताड उघडं टाकून बापलेकीचं कशावरनं चाललंय? पार खालच्या जिन्यापतुर ऐकू येतंय.

ज्ञानदेव: ये अक्का, जय भीम. बस. तुझी भाची आली बघ.

संघप्रिया: जय भीम, आत्या. तुझा गुडघा कसा आहे?

विमलाबाई: गुडघ्याला काय धाड भरलीय? मी त्यो बॅनर बघून आले. आता मला वाचाया येतंय, तुझ्या आईनं शिकवलंय. पर त्यो ‘अदृश्य’ वाचताना लई दम लागला. म्हंजे काय गं?

संघप्रिया: न दिसणारा.

विमलाबाई: न दिसणारा? आन त्याचा तू शोध लावलास?

संघप्रिया: नाही लावला. त्यावरूनच भांडण चाललंय.

विमलाबाई: मग हाय तरी काय ते? मला नीट सांग. उद्या बायका मलाच इचारतील, तुमची भाची काय करती म्हणून.

संघप्रिया: तू गावाकडे ज्वारी राखायचीस ना, माळ्यावर बसून?

विमलाबाई: राखायचे की! गोफण अशी गरगरा फिरवायची, पाखराची जात टिकायची न्हाई.

संघप्रिया: गोफण जोरात फिरतेय, आत दगड आहे. दोरीचं एक टोक सोडलं तर?

विमलाबाई: दगड पार बांधाच्या पल्याड.

संघप्रिया: तारे पण तसेच फिरतायत, आत्या. कोट्यवधी तारे, एका मधल्या जागेभोवती. कडेचे तारे इतक्या वेगात फिरतात, की ते कधीच भिरकावले जायला हवे होते. पण जात नाहीत. तारे, धूळ, वायू, जे काही दिसतं ते सगळं एकत्र केलं तरी त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. म्हणजे आणखी काहीतरी आहे. तेच त्यांना धरून ठेवतंय.

विमलाबाई: दोरी.

संघप्रिया: हो, दोरीच समज.

विमलाबाई: आन ती दिसत न्हाई.

संघप्रिया: नाही. तिचा उजेड पडत नाही, सावली पडत नाही. आणि दिसणाऱ्या सगळ्यापेक्षा ती पाचपट तरी जास्त आहे. शिवाय अजून एक आहे. सगळं विश्व पसरतंय, आणि पसरायचा वेग कमी होण्याऐवजी वाढतोय. काहीतरी त्याला ढकलतंय. त्याला कृष्णऊर्जा म्हणतात. ते काय आहे, ते तर अजिबातच कळलेलं नाही. सगळं मिळून शंभर धरलं ना, तर आपण, ही बिल्डिंग, उत्तनचा समुद्र, सूर्य, सगळे तारे, मिळून फक्त चार.

ज्ञानदेव: आणि बाकीचे शहाण्णव?

संघप्रिया: दिसत नाहीत.

ज्ञानदेव: शंभरातले शहाण्णव माहीत नाहीत, आणि तुमची पुण्याची संस्था चालू आहे?

संघप्रिया: म्हणूनच चालू आहे, पप्पा.

विमलाबाई: दिसत न्हाई. पर हाय.

संघप्रिया: हो, आत्या.

विमलाबाई: हितं बी? या घरात?

संघप्रिया: इथे पण. बहुतेक आत्ता तुझ्या-माझ्या अंगातून आरपार जात असेल.

विमलाबाई: माझ्या अंगात?

संघप्रिया: त्यानं काही होत नाही गं, कळत पण नाही.

विमलाबाई: बस. पुरे.

संघप्रिया: आत्या, काय झालं?

विमलाबाई: ज्ञाना, मी जाते.

ज्ञानदेव: अक्का, चहा टाकतो ना. बस की.

विमलाबाई: नको. उद्या येते का न्हाई, ते बी आत्ता सांगत न्हाई.

संघप्रिया: पप्पा, ती का गेली? मी काय बोलले असं?

ज्ञानदेव: तू काही वाईट नाही बोललीस. जुनं आहे ते. राघो माहितीये तुला?

संघप्रिया: आत्याचा मुलगा. लहानपणी तापानं गेला, एवढंच आई म्हणाली होती.

ज्ञानदेव: तापानंच गेला. पण ताप उतरत नव्हता तेव्हा घरच्यांनी देवऋषी बोलावला. मी तिथंच होतो, तेरा-चौदा वर्षांचा. तो माणूस उंबऱ्यात बसून म्हणाला, ह्याच्या अंगात न दिसणारं शिरलंय. तुम्हाला दिसायचं नाही, मला दिसतं.

संघप्रिया: अरेरे.

ज्ञानदेव: धूर काय, अंगारा काय. परभणीच्या दवाखान्यात न्यायचं अक्काच्या मनात होतं. तो म्हणाला, उंबरा ओलांडला की पोर गेलं म्हणून समजा. मग कोण ओलांडणार? दोन दिवसांनी राघो गेला.

संघप्रिया: मला हे कुणीच कसं सांगितलं नाही?

ज्ञानदेव: ती बोलत नाही त्यावर. पण त्यानंतर अक्कानं घरातले सगळे देव, ताईत, गंडे एका फडक्यात बांधले आणि ओढ्यात नेऊन टाकले. आख्ख्या वस्तीत सगळ्यात आधी. बाबासाहेबांचा फोटो आमच्या घरात तिनं लावला. आमच्या बापाची हिंमत नव्हती. मला पुढच्या शाळेत तिनं घातलं. मी इकडे भाईंदरला आलो ते तिच्यामुळं. मी नसतो आलो तर तू कुठली संस्था आणि कुठली दुर्बीण?

संघप्रिया: आणि मी तिला सांगितलं, तुझ्या अंगातून न दिसणारं जातंय.

ज्ञानदेव: तुला काय माहीत? असं कर. उद्या विषय बदल. ग्रहणावर बोल. चंद्र, सूर्य, लोकांना आवडतं. तुला काय, दोन मिनिटांचं काम.

संघप्रिया: माझा विषय हाच आहे, पप्पा.

ज्ञानदेव: एका दिवसापुरतं. तिच्यासाठी.

संघप्रिया: तिच्यासाठीच नाही बदलणार. उद्या मी ग्रहणावर बोलले, तर ती कायम समजेल की मी पण त्यातलीच आहे आणि तिच्यापुढे लपवलं. पण एक सांगा. तो देवऋषी काय म्हणाला होता? मला दिसतं, तुम्हाला दिसत नाही. पुरावा काही नाही, मीच मोठा. बरोबर?

ज्ञानदेव: बरोबर.

संघप्रिया: आणि सर्कलला माझ्या फोटोखाली काय लिहिलंय?

ज्ञानदेव: शोध लावणारी सुकन्या.

संघप्रिया: मला सापडलं, असं लिहिलंय. मला सापडलेलं नाही. आत्यानं ते अक्षर-अक्षर जुळवत वाचलं, पप्पा.

ज्ञानदेव: धम्मदीप कुठे गेला? त्याला म्हणावं, पहिल्यांदा ते ऑर्कुटवरचं काढ, आणि सकाळी शिडी घेऊन ये.

(दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. विहारापुढचा मांडव. संघप्रियाचं भाषण नुकतंच संपलं आहे. माइक कमिटीच्या उत्तमच्या हातात आहे.)

उत्तम: तर आपल्या संघप्रियाताईंनी फार सुंदर माहिती दिली. आता कुणाला प्रश्न असतील तर विचारा. बॅनर कुठे गेला हा प्रश्न मात्र मला विचारू नका. तो ज्ञानदेवभाऊंना विचारा.

ज्ञानदेव: इथूनच सांगतो. चुकीचं लिहिलं होतं म्हणून उतरवला. लिहिणारा मीच होतो. पोरीचा त्यात काही दोष नाही.

उत्तम: ऐकलं सगळ्यांनी? बरं, प्रश्न? बायकांमधून हात वर झालाय. विमलामावशी? माइक द्या रे तिकडे.

विमलाबाई: चालू हाय का हे?

उत्तम: चालू आहे, मावशी. बोला.

विमलाबाई: मी हिची आत्या हाय. पर आज आत्या म्हणून इचारत न्हाई. संघप्रिया, तू मघापास्नं सांगायलीस की दिसत न्हाई पर हाय. माझ्या जिंदगीत एका माणसानं असंच सांगितलं होतं. तुमच्या लेकराच्या अंगात न दिसणारं शिरलंय म्हणाला. म्या इश्वास ठेवला. माझं लेकरू गेलं. आता तू सांग, त्याच्यात आन तुझ्यात फरक काय?

उत्तम: मावशी, हा प्रश्न जरा... आपण नंतर...

संघप्रिया: नाही, उत्तमदादा. राहू दे. मी उत्तर देते.

विमलाबाई: उभी ऱ्हा तिथं. बसून नको.

संघप्रिया: उभीच आहे, आत्या. मी आधी एक विचारू?

विमलाबाई: इचार.

संघप्रिया: त्या माणसानं कधी असं सांगितलं होतं का, की अमुक झालं तर मी खोटा?

विमलाबाई: म्हंजे?

संघप्रिया: म्हणजे ताप उतरला तर काय, नाही उतरला तर काय, हे आधी सांगितलं होतं का?

विमलाबाई: न्हाई. लेकरू बरं झालं असतं तर त्याच्या अंगाऱ्यानं. गेलं, तर माझ्या हातनं इटाळ झाला म्हणून. तसंच म्हणाला त्यो, सगळ्यांच्या म्होरं.

संघप्रिया: म्हणजे काहीही झालं तरी तो खराच.

विमलाबाई: व्हय. त्यो खराच.

संघप्रिया: आम्हाला तसं चालत नाही, आत्या. दोरी आहे म्हटलं, की ती कुठे किती आहे ते सांगावं लागतं. आकडा सांगावा लागतो. कसा काढला तेही सगळ्यांपुढे मांडावं लागतं. मग जपानमधला माणूस मोजतो, चिलीमधली बाई मोजते. ते मला ओळखत नाहीत, त्यांना माझी भीडभाड नाही. त्यांचा आकडा जुळला नाही, तर मी चुकले.

विमलाबाई: आन चुकलीस तर कबूल करतीस?

संघप्रिया: करावंच लागतं. मघाशी भाषणात मी त्या ढिगाचं सांगितलं ना? मोठमोठ्या लोकांनी आहे म्हटलं होतं. खरं सांगते, मला पण वाटत होतं की तो असावा. तो असता तर माझं नाव झालं असतं, पप्पांचा बॅनर खरा झाला असता. पण मोजला, परत मोजला, नव्हता. मग मी ‘नाही’ म्हणून लिहून दिलं. आणि ज्यांनी आहे म्हटलं होतं, त्यांनीही मान्य केलं. कुणी मला सांगितलं नाही, की आम्हाला दिसतं, तुला दिसत नाही.

विमलाबाई: मोठ्या लोकाला तू तोंडावर न्हाई म्हणलीस?

संघप्रिया: हो. भीती वाटत होती, पण म्हटलं. आणि आत्या, उद्या कुणी दाखवून दिलं की दोरीच नाहीये, ताऱ्यांचा हिशेब आपणच चुकीचा मांडलाय, तर मी ते पण इथे येऊन सांगीन. याच मांडवात.

विमलाबाई: आता शेवटचं इचारते. ती दोरी म्हंजे हाय तरी काय? कशाची हाय?

संघप्रिया: माहीत नाही.

विमलाबाई: तुला, का कुणालाच?

संघप्रिया: कुणालाच नाही.

विमलाबाई: आन त्ये ढकलणारं?

संघप्रिया: ते पण माहीत नाही.

विमलाबाई: इतकी शिकलीस, आन एवढ्या लोकाम्होरं माइकवरनं सांगायलीस, माहीत न्हाई. लाज वाटत न्हाई?

संघप्रिया: नाही वाटत, आत्या.

विमलाबाई: त्या माणसानं...

उत्तम: मावशीला पाणी द्या रे कुणीतरी.

विमलाबाई: पाणी नको. बोलू दे मला. त्या माणसानं एकदा जरी म्हणलं असतं ना, की बाई, मला माहीत न्हाई, तर म्या राघोला पाठीशी बांधून परभणीपतुर पळत गेले असते. उंबरा काय, नदी असती तरी ओलांडली असती. एवढंच पायजे होतं मला. माहीत न्हाई, एवढंच. आमच्या घरात ते म्हणणारं माणूस जन्माला याया इतकी वर्सं लागली.

ज्ञानदेव: अक्का, खाली बस आता. पाय दुखेल.

विमलाबाई: बसते. उत्तम, ती सत्काराची शाल कुणाच्या हातनं द्यायची ठरलीय?

उत्तम: नगरसेवक साहेबांच्या. निघालेत ते, येतीलच इतक्यात.

विमलाबाई: येऊ दे सावकाश. आण ती हिकडं.

उत्तम: पण मावशी, पत्रिकेत त्यांचं नाव छापलंय...

ज्ञानदेव: उत्तम, दे तिला.

संघप्रिया: आत्या, थांब, तू स्टेजच्या पायऱ्या चढू नको. मीच खाली येते.

विमलाबाई: ये. आता वाक जराशी. माझा हात पुरंना तुझ्या खांद्याला.